टाकीखालचा रंग

मामांची जावा मोटरसायकल माझ्याकडे आली तेव्हा तिच्या अंगावर रंगाचे किमान तीन थर होते. पहिल्याच आठवड्यात मी ते सगळे घालवले. टाकी, दोन्ही मडगार्ड, चेन कव्हर, टूलबॉक्सची झाकणं असं सगळं टेम्पोत टाकलं आणि कॉस्टिकच्या हौदात बुडवून आणलं. लोखंड लख्ख निघालं. ते पेंटरपुढे मांडलं तेव्हा त्याने विचारलं, “रंग कुठला मारायचा?” मी म्हणालो, “ओरिजिनल.” तो म्हणाला, “मग दाखवा की.” दाखवायला काहीच उरलं नव्हतं. आरसी बुकात ‘मरून’ एवढा एक शब्द होता. त्याच्या शेड कार्डावर मरून म्हणता येतील असे बरेच चौकोन होते, आणि उन्हात धरून पाहिलं तर त्यांतला प्रत्येक मला बरोबर वाटत होता.

त्यामुळे जुन्या मोटरसायकलींच्या मूळ रंगांवरच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार हा चुकलेल्या माणसाचा आहे.

जुन्या गाडीचं इंजिन बांधणारे अजून भेटतात. पिस्टन, रिंगा, केबली मिळतात, नाही मिळाल्या तर लेथवाला काहीतरी जमवून देतो. रंग मात्र सुटा भाग म्हणून दुकानात मिळत नाही. तो दर वेळी नव्याने बनवावा लागतो, आणि ज्याच्यावर बघून बनवायचा ती वस्तू बहुतेक वेळा मालकानेच हौसेने संपवलेली असते. हौस हाच जुन्या रंगाचा पहिला शत्रू. ऊन आणि पाऊस त्याच्या बरेच मागे आहेत. लेखकांचं मुख्य म्हणणं मला समजलं ते असं : मूळ रंग डब्यात ढवळून सापडत नाही, तो गाडीवर शोधावा लागतो, आणि शोध संपेपर्यंत पाणीपेपरला हात लावायचा नाही.

पण ‘मूळ’ म्हणजे कुठला? जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘कंपनी कलर आहे’ असं छातीठोकपणे सांगतात तेव्हा तीन निराळ्या गोष्टी एका शब्दात कोंबलेल्या असतात. कारखान्याने कागदावर ठरवलेला रंग ही एक. त्या दिवशी, त्या पिंपातून, त्या गाडीवर प्रत्यक्ष बसलेला रंग ही दुसरी. आणि पन्नास-साठ वर्षं ऊन, पेट्रोल आणि रोजचं फडकं सोसून आज तिथे उरलेला रंग ही तिसरी. कारखाने रंग बहुधा बाहेरून घेत. पुरवठादार बदलला, पिंप बदललं, भट्टीचा ताव कमीजास्त झाला की छटा हलायची, आणि त्यासाठी कुणी गाडी परत बोलवत नसे. म्हणून एकाच वर्षाच्या दोन गाड्या शेजारी लावल्यावर ‘यातली खरी कुठली’ असा वाद घालणाऱ्यांना दोन्ही खऱ्या असू शकतात हे पटवणं जड जातं.

मोटरसायकलला रंग आला तो सायकलीच्या कारखान्यातून, आणि आला तो काळाच. डांबर आणि तेलाचं मिश्रण देऊन भट्टीत भाजलेला हा काळा, ज्याला इंग्रज ‘जपान’ म्हणत, गंजाला दाद देत नसे आणि स्वस्त पडे. काळा म्हणजे काळा, त्यात जुळवायचं काय, असं वाटेल. पण डांबराचा काळा पातळ बसला की कडेला तपकिरी झाक देतो, तर काजळीपासून बनलेला आजचा काळा त्याच्याशेजारी थंड आणि निळसर वाटतो. १९२३ च्या बीएमडब्ल्यू आर ३२ च्या काळ्यावर पांढऱ्या रेघा होत्या, व्हेलोसेटच्या काळ्यावर सोनेरी. रेघ ओढणाऱ्या हाताला खालचा काळा कसा आहे हे कळत होतं. आपल्याकडे मद्रासला बनणाऱ्या बुलेटच्या टाकीवरच्या रेघासुद्धा हातानेच ओढल्या जात, आणि दोन टाक्यांवरच्या रेघा कधीही तंतोतंत सारख्या नसत. आज स्टिकर लावून ओढलेली रेघ लांबूनही ओळखू येते, कारण तिच्यात कुठे हात जड झालेला नसतो.

१९२३ मध्येच अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग मोटारींवर आला आणि दिवस-दिवस वाळत पडणारं काम तासांवर आलं. आपल्या गॅरेजांत हे नाव इतकं मुरलं की गनने मारलेल्या कुठल्याही रंगाला अजून ‘ड्यूको मारला’ म्हणतात, डब्यात काहीही असो. मोटरसायकलवर रंगाची चैन सुरू झाली ती यानंतर. १९३० मध्ये अमेरिकेतली ‘इंडियन’ ही मोटरसायकल कंपनी ड्यू पाँट घराण्यातल्या माणसाच्या हातात गेली आणि तिच्या गिऱ्हाइकापुढे रंगांचा मोठा पर्याय आला. इंग्लंडमध्ये ट्रायम्फने १९३७ ची स्पीड ट्विन गर्द अमरंथ लाल रंगात उतरवली. त्याच ट्रायम्फची पहिली बॉनव्हिल १९५९ साठी टँजरीन नारिंगी आणि मोतिया राखाडी अशा जोडीत आली, गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, आणि नारिंगीच्या जागी निळा आला. आज त्याच नारिंगीसाठी लोक जीव टाकतात. नावडता रंग कमी विकला जातो, म्हणून कमी उरतो, म्हणून पुढे महाग होतो. संग्राहकांच्या जगातला हा विनोद पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटेल.

मग आले पारदर्शक रंग. खाली चंदेरी किंवा सोनेरी, वर काचेसारखा रंगीत थर. इंग्रजी कारखाने याला ‘फ्लॅम्बॉयंट’ म्हणत, जपान्यांनी ‘कँडी’ म्हटलं. १९६९ ची होंडा सीबी ७५० कँडीच्या निळसर हिरव्या, माणकासारख्या लाल आणि सोनेरी रंगांत आली. या जातीच्या रंगात कोड नंबर जवळपास निरुपयोगी ठरतो, कारण वरचा थर एक हात जास्त पडला की छटा गडद होते. नंबर एक, डबा एक, गन एक, आणि तरी टाकी आणि साइड पॅनल वेगवेगळी दिसतात. इथे रंग जुळवायचा म्हणजे जुन्या पेंटरने किती हात मारले होते ते मोजायचं. आपल्याकडे हीच अडचण १९८५ च्या यामाहा आरएक्स १०० च्या ‘पीकॉक ब्लू’त येते, आणि ती गाडी आता तरुण पोरांच्या जिव्हाळ्याची असल्यामुळे चुकीच्या निळ्या आरएक्सनी रस्ते भरले आहेत.

युद्धातल्या गाड्यांचं प्रकरण वेगळंच आहे, आणि या विषयात शहाणपण शिकायला त्याच्यासारखी जागा नाही. बीएसएची एम २० ही दुसऱ्या महायुद्धात सव्वा लाखाच्या वर बनलेली गाडी. तिच्यातल्या कित्येक युद्धानंतर लिलावात निघाल्या आणि हिंदुस्थानात राहिल्या. सुरुवातीला ब्रिटिश लष्कराचा रंग खाकी हिरवा होता. मग त्या हिरव्याला लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई झाली, म्हणून १९४२ पासून ‘एससीसी २’ हा तपकिरी आला. १९४४ मध्ये अमेरिकन गाड्यांशी जुळावं म्हणून ‘एससीसी १५’ हा ऑलिव्ह. म्हणजे एका युद्धात, एका मॉडेलचे, तीन अधिकृत रंग, आणि त्यामागे कुणाची आवडनिवड नाही, नुसता पुरवठा. आपल्याकडे यातल्या बहुतेक गाड्या लष्करी हिरव्या रंगाने सरसकट रंगवल्या जातात, आणि तो हिरवा बऱ्याचदा आजच्या आपल्या लष्कराचा असतो.

आता आपल्या घरच्या गाड्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधल्या रेडिचची मूळ एन्फिल्ड कंपनी यांनी मिळून एन्फिल्ड इंडिया काढली आणि बुलेट मद्रासला जोडली जाऊ लागली. १९६१ पासून म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना. पुढे याच गाड्या येझदी नावाने निघाल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. राजदूतचा सांगाडा पोलंडच्या एसएचएलवरून आलेला. या तिन्ही गाड्यांचे रंग परदेशी मूळ रंगांवरून सुरू झाले आणि मग इथल्या रंग कंपन्यांच्या डब्यांतून इथलेच झाले. म्हणून चेकोस्लोव्हाकियाचा जावा मरून हा म्हैसूरचा मरून नव्हे. परदेशातल्या जावा संग्राहकाने सांगितलेलं मिश्रण इथे घालणं म्हणजे शेजाऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेणं. ही गोष्ट आपल्याकडे कुणी मांडली नव्हती. लेखकांनी म्हैसूरच्या गाड्यांना स्वतंत्र धरलं हे मला या पुस्तकाचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

कोड नंबरांची शिस्त तशी जुनी आहे. जर्मनीत १९२७ मध्ये आरएएल सुरू झालं, ब्रिटनचं रंगांचं मानक १९३० चं, अमेरिकेचं फेडरल स्टँडर्ड ५९५ हे १९५६ चं, आणि आपलं भारतीय मानक आयएस ५. ही सगळी मानकं सरकारी खरेदीसाठी, रेल्वेसाठी, टपालपेटीसाठी, तोफांसाठी झाली. खासगी मोटरसायकलवाल्याला त्यांचं बंधन नव्हतं. तरी ‘आरएएलचा अमुक नंबर म्हणजे जावाचा मरून’ अशी वाक्यं तोंडोतोंडी फिरतात. ती खोटी असतात असं नाही, पण ‘सगळ्यांत जवळचा नंबर’ आणि ‘तोच रंग’ यांतलं अंतर ज्याला दिसत नाही त्याला ते टाकी रंगवून झाल्यावर दिसतं. अपवाद आहेत. इटलीच्या व्हेस्पावाल्यांकडे मॅक्स मायर या रंग कंपनीच्या जुन्या नंबरांची परंपरा इतकी नीट जपलेली आहे की त्यांचा हेवा वाटावा.

या कामात पंथ आहेत, आणि ते एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. एक पंथ कागदवाल्यांचा. जुनी ब्रोशरं, पार्ट्स बुकं, शेड कार्डं जमवायची आणि त्यावर विसंबायचं. यांची अडचण अशी की ब्रोशर म्हणजे छपाई. चार शाईंनी छापलेला मरून हा मरूनचा पुरावा होत नाही, गाडी त्या वर्षी मरूनमध्ये होती एवढाच होतो. जुने रंगीत फोटो तर स्वतःच विटलेले असतात. दुसरा पंथ डोळ्यांचा. गल्लीच्या तोंडाशी रंगाच्या दुकानात बसणारा जुना टिंटर, जो झाकणाकडे बघून म्हणतो, ‘यात काळा कमी घाला, थोडा ऑक्साइड टाका,’ आणि तिसऱ्या ढवळण्यात रंग जवळ आणतो. या माणसांबद्दल मला अपार आदर आहे आणि त्यांच्या ट्यूबलाइटबद्दल तितकाच राग. दोन रंग एका उजेडात जुळे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात परके होतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. दुकानात जुळलेला मरून रस्त्यावर उन्हात विटकरी निघाला की भांडण टिंटरशी होतं, दोष उजेडाचा असतो.

तिसरा पंथ यंत्रवाल्यांचा. स्पेक्ट्रोफोटोमीटर लावायचा, आकडे काढायचे. १९३१ मध्ये रंग आकड्यांत मांडण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आली, १९७६ मध्ये दोन रंगांतलं अंतर मोजण्याचं सोयीचं माप आलं, आणि आज बऱ्याच मोठ्या रंग दुकानांत हे यंत्र असतं. यंत्र खोटं बोलत नाही. पण तुम्ही त्याला विटलेला, मेणकट, ओरखडे पडलेला तुकडा दाखवलात तर ते विटलेल्या, मेणकट, ओरखडे पडलेल्या तुकड्याचा रंग इमानदारीने सांगतं.

चौथा पंथ उत्खननवाल्यांचा, आणि लेखकांचा कल तिकडे आहे हे मी फोडून टाकतो. हे लोक गाडीवर कधीच न विटलेली जागा शोधतात. टाकी जिथे रबरावर बसते ती जागा, बॅजच्या खाली, हेडलाइटच्या रिंगमागे, टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू, नंबर प्लेटच्या पाठी. तिथे बोटाच्या नखाएवढी जागा बारीक पाणीपेपरने गोल घासायची, म्हणजे वरचे थर झाडाच्या वर्तुळांसारखे उघडे होतात : दुसऱ्या मालकाचा निळा, मग कुणीतरी हौसेने मारलेला काळा, मग मरून, मग प्रायमर, मग लोखंड. थिनरचा बोळा फिरवून बघायचा. नायट्रोसेल्युलोज विरघळून बोळ्यावर येतं, भट्टीचा इनॅमल सहसा दाद देत नाही. एवढ्यात रंग, त्याची जात आणि त्याचा क्रम तिन्ही हातात येतात.

पण ‘झाकलेली जागा म्हणजे खरा रंग’ हे वेदवाक्य समजू नये. माझी फजिती झाल्यावर दोन वर्षांनी गावच्या माळ्यावर मामांनी कधीतरी बदललेलं, पोचा पडलेलं टूलबॉक्सचं जुनं झाकण मिळालं. बाहेरचा मरून उन्हाने पांढुरका पडलेला, आतला गर्द. आतलाच खरा असं मी ठरवून टाकलं. मरूनच्या बाबतीत ते बरोबर होतं. पण त्याच नियमाने एका मित्राने फिक्या हस्तिदंती रंगाची गाडी रंगवली आणि ती तुपाळ पिवळी झाली. कारण तेलाच्या जातीचे पांढरे रंग अंधारात पिवळे पडतात आणि उजेडात पुन्हा उजळतात. त्याला सापडलेली झाकलेली जागा खरी होती, पण तिथला रंग खरा नव्हता. लाल आणि मरून उजेडात मरतात, पांढरा अंधारात. हे एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर त्या मित्राशी माझं बोलणं अजून चालू असतं.

एक पाचवा पंथही आहे, जो म्हणतो रंगवूच नका. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१२ मध्ये मान्य केलेल्या ट्यूरिन चार्टरचा भर आहे तो नवं करण्यापेक्षा जपण्यावर. चरे, डाग, मांडीने घासून पातळ झालेली टाकी हाही इतिहास आहे, तो पुसू नका. मला हा विचार पटतो, पण कोकणात पाच पावसाळे काढलेली गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो नेहमी पाळता येणार नाही हेही मला कळतं. गंज चार्टर वाचत नाही.

हे पुस्तक आत्ताच का हवं होतं, याची कारणं बाहेरही आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. व्हीए अशी मालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, आणि गाडी मूळ रूपात असावी ही अट. ‘मूळ रूप’ हा शब्द हौशी लोकांच्या गप्पांतून थेट सरकारी कागदावर गेला. दुसरं, जुनी रंगद्रव्यं बाजारातून जात आहेत. शिशाच्या क्रोमेटचे पिवळे-नारिंगी आणि शेंदराचा प्रायमर विषारी म्हणून मागे पडले, ते योग्यच झालं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आहे. आजच्या निर्धोक द्रव्यांनी तीच छटा गाठायची म्हणजे दुसऱ्या मसाल्यांनी आजीची आमटी करायची. तिसरं, जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नव्या रूपात परत आल्या, आणि शोरूममधल्या नव्या जावाचा मरून बघून लोक जुन्या गाड्या त्या रंगात रंगवू लागले. नवा रंग देखणा आहे. तो नव्या गाडीचा आहे एवढंच. आणि चौथं, डोळ्याने मिश्रण करणारे टिंटर म्हातारे झाले. त्यांची पोरं यंत्रावर बसली आहेत.

चकाकीबद्दल पुस्तकात मला वाटलं होतं त्याहून जास्त पानं आहेत, आणि वाचल्यावर ती कमी वाटली. आजचा टू-पॅक रंग आणि त्यावरचा क्लिअर कोट काचेसारखा, सतत ओला दिसतो. जुना ड्यूको हात देत, घासत, पुन्हा हात देत, शेवटी रबिंग करून चमकवलेला. त्याची चमक आतून येते आणि कडेला मंद होते. छटा शंभर टक्के जुळली तरी चमक चुकली की गाडी खोटी दिसते आणि का ते सांगता येत नाही. प्रायमरचंही तसंच : तांबड्या ऑक्साइडवरचा मरून आणि राखाडी प्रायमरवरचा मरून एकाच डब्यातले असूनही वेगळे. लेखक कागदावर नमुना मारू देत नाहीत. लोखंडाच्या तुकड्यावर, त्याच प्रायमरवर, तितकेच हात मारून, पूर्ण वाळवून, मग सकाळच्या सावलीत, दुपारच्या उन्हात आणि संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली बघायचा, असा त्यांचा कडक नियम आहे. टू-पॅकच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते, तोंडाला बांधलेला रुमाल तिथे काही कामाचा नाही, आणि जुना रंग घासायचा तर ओलाच घासावा म्हणजे शिशाची धूळ उडत नाही, हेही त्यांनी सुरुवातीलाच ठणकावून सांगितलं आहे. गॅरेजमध्ये हे सहसा कुणी सांगत नाही.

काय सापडणार नाही तेही सांगायला हवं. ‘अमुक साली अमुक मॉडेल, डबा नंबर अमुक’ असा तयार तक्ता इथे नाही. मलाही तो हवा होता. लेखकांशी यावर मी वाद घातला आणि हरलो. त्यांचं म्हणणं, असा तक्ता छापला की दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या सगळ्या जावा एकाच मरूनमध्ये दिसतील, आणि मग तोच मूळ ठरेल. त्याऐवजी त्यांनी शोधण्याची रीत दिली आहे, उरलेल्या अस्सल रंगाच्या गाड्यांवरच्या नोंदी दिल्या आहेत, प्रत्येक नोंदीला जागा, उजेड आणि थरांचा क्रम दिला आहे, आणि शेवटी कोरी पानं सोडली आहेत. त्यावर आपला तुकडा चिकटवायचा, खाली गाडीचं साल, तारीख आणि तो कुठल्या जागेवरून घेतला ते लिहायचं.

नव्या वाचकाने पहिल्या प्रकरणापासून वाचावं. ज्यांची गाडी आधीच कॉस्टिकच्या हौदातून बाहेर आली आहे, त्यांनी थेट सहाव्या प्रकरणाकडे जावं; तिथे माळे, जुने मालक, भंगारवाले आणि बदललेली झाकणं कशी धुंडाळायची ते आहे. माझ्या वेळी हे पुस्तक असतं तर मी तिथूनच सुरुवात केली असती.